कपाटावरची डबी

१

आप्पासाहेबांची गोळ्यांची डबी तिसऱ्या दिवशी कपाटावर सापडली, आणि तिथून सगळं बिघडलं.

तोवर कुणाच्या मनात काहीच नव्हतं. सोमवारी दुपारी आप्पासाहेब गारखेड्यातल्या आपल्या घरी, बैठकीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. स्वयंपाकाला असणाऱ्या सरूबाई चारचा चहा घेऊन आल्या तर मान छातीवर पडलेली, आणि समोरच्या टेबलावर रमीची पानं तशीच. आधी एक झटका येऊन गेलेला होता, वयही झालं होतं. डॉक्टरांनी हृदयविकाराचा दाखला दिला, लोकांनी संध्याकाळी फुलंब्रीच्या मळ्यात नेऊन अग्नी दिला. अशा मरणात पोलिसांचं काय काम?

पण तिसऱ्या दिवशी राख सावडून सगळे घरी आले. दिव्यापाशी ठेवायला फोटो हवा म्हणून मुलगा ऋतुराज बैठकीतल्या उंच कपाटावर चाचपायला लागला, तर हाताला डबी लागली. जिभेखाली धरायच्या गोळ्यांची ती डबी आप्पासाहेब जिवापाड जपायचे. दिवसा सदऱ्याच्या खिशात, झोपताना उशाखाली. गुडघे गेलेले असल्यानं काठीशिवाय त्यांना उठताही येत नव्हतं. म्हणजे डबी कपाटावर दुसऱ्या कुणीतरी ठेवली होती. आणि छातीत कळ आली तेव्हा म्हातारा खाली बसून तिच्याकडं बघत राहिला असणार.

हे सगळं ऋतुराजनं ठाण्यात येऊन मला सांगितलं. मी शीला म्हस्के, पोलीस उपनिरीक्षक. माहेर फुलंब्री तालुक्यातलं, त्यामुळं आप्पासाहेबांचं नाव ऐकून होते. माझ्या जिभेला हाड नाही असं आमचे साहेब म्हणतात, आणि खरंच नाही. पण त्या दुपारी मी फारसं बोलले नाही. ऋतुराजनं नाव घेतलं ते मी लिहून घेतलं आणि माणूस उचलून आणला.

नाव होतं खंडेरावचं. आप्पासाहेबांचा ड्रायव्हर, आणि सरूबाईंचा एकुलता एक मुलगा. मेंढरं राखणाऱ्या घरातला पोरगा, तिशीतला, अंगानं गिड्डा आणि गुबगुबीत. समोरच्या इमारतीत पुण्याहून नव्यानं राहायला आलेल्या मोनिका नावाच्या बाईंनी सोमवारी दुपारी आप्पासाहेबांना ओरडताना ऐकलं होतं, "हरामखोरा, ये तू, बघतोच तुला!" आणि त्यावर खंडेरावनं "बघा की" असं उलट उत्तर दिलं होतं. भांडण झालं, राग धरला, डबी लपवली. ऋतुराजचा हिशोब असा सरळ होता.

खंडेरावला मी समोर बसवून विचारलं, काय झालं रे? त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "माझ्यामुळंच गेले ते, मॅडम."

हवालदारानं ते शब्द जसेच्या तसे उतरवले आणि खाली खंडेरावची सही घेतली. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टापुढं उभं करायचं होतं. गुन्हा कबूल केलेला आरोपी, अजून काय पाहिजे? मी चहा मागवला.

२

चहा काही प्यायला मिळाला नाही. ठाण्याच्या पायरीवर सरूबाई येऊन बसल्या होत्या. रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. मी बाहेर आले तशा उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "मॅडम, माझं पोर बोललं ते तुमी आयकलं का, का नुस्तंच लिवलं?"

असा राग आला मला! पोलिसाला कुणी असं विचारतं का? पण राग आला याचा अर्थ कुठंतरी लागलं होतं. कारण मी त्याच मातीतली. आमच्याकडं शब्द धरून बसणारा माणूस फसतो, हे मला शाळेच्या आधीपासून माहीत. इथं "बघू" म्हणजे नाही, आणि तेच "बघू की" असं जरा लांबवून म्हटलं तर जवळजवळ हो. "लई शाना झालास" हे बाप पोराला पहिला नंबर आल्यावर म्हणतो आणि जमीनदार गड्याला हाकलताना म्हणतो, सूर तेवढा बदलतो. आणि "माझ्यामुळंच झालं" तर आमच्यातली प्रत्येक बाई पाऊस पडला तरी म्हणते, पडला नाही तरी म्हणते.

मी परत आत गेले. हवालदाराला बाहेर काढलं आणि खंडेरावला म्हटलं, तुझ्यामुळं म्हणजे कसं, ते सांग.

मग त्यानं सांगितलं. सोमवारी दुपारी आप्पासाहेबांना तपासणीला न्यायचं होतं. जेवणाच्या वेळीच ते ओरडले होते, गाडी धुतली नाही म्हणून. ते ओरडणं रोजचंच होतं. खंडेराव म्हणाला, ज्या दिवशी साहेब शिवी देत नसत त्या दिवशी तो आईला विचारायचा, साहेबांना बरं नाय का? "बघतोच तुला" म्हणजे दवाखान्यातून येताना उसाचा रस पाजतो. मग त्यानं कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली गाडी लावली, गार हवा चालू केली आणि त्याचा डोळा लागला. उठला तेव्हा घरातून आईची हाक ऐकू येत होती.

"येळंवर गेलो असतो तर साहेब दवाखान्यात असते," तो म्हणाला. "मंग मी नाय मारलं तर कुणी मारलं?"

त्याचा सूर आता मला कळला. पण कोर्टाला सूर ऐकू येत नाही. कोर्टाला कागद दिसतो, आणि त्यावर सही होती; पोलिसापुढची कबुली पुरावा धरत नाहीत, पण कोठडी द्यायला ती पुरते. गाडीत झोपलेला त्याला कुणी पाहिलं नव्हतं. मला एकच गोष्ट खटकत होती. ते कपाट मी पाहिलं होतं, मला स्वतःला त्याच्या माथ्यावर हात पोचवायला टाचा उंचवाव्या लागल्या होत्या. खंडेराव माझ्याही खांद्याएवढा. त्यानं डबी ठेवायची तर स्टूल ओढून आणायला लागलं असतं, आणि आप्पासाहेब काठी घेऊन ते बघत बसले असते का?

ऊन उतरायच्या आत मी पुन्हा त्या घरी गेले.

३

त्या घरात ज्याला विचारावं तो गुन्हेगार निघत होता.

ऋतुराजला मी गच्चीवर नेलं. तिथं सरूबाईंनी घातलेल्या कुरडया अजून वाळत पडल्या होत्या, कुणी उचलल्या नव्हत्या. सोमवारी दुपारभर सरूबाई याच कुरडयांपाशी होत्या, म्हणून खालचं काही त्यांना ऐकू गेलं नाही. ऋतुराज चांगला उंचपुरा, कपाटावर त्याचा हात सहज जातो. मी ते तोंडावर बोलून दाखवलं. तो चिडला नाही. म्हणाला, मी चितेगावला कारखान्यात होतो, पन्नास माणसं सांगतील. पण मग डोळे पुसत पुढं सांगायला लागला, की त्या दुपारी वडिलांचा फोन आला होता, दवाखान्यात तू येतोस का म्हणून, आणि हा "बघू" म्हणाला होता. वडील हसून म्हणाले होते, "कळलं." आता त्या "कळलं"नं त्याला झोप लागत नव्हती. मला वाटलं, खंडेरावचं नाव एवढ्या घाईनं याच्या तोंडी आलं ते यामुळंच. स्वतःकडचं बोट दुसरीकडं वळवलं की जरा बरं वाटतं.

बैठकीत भेटायला आलेले लोक सतरंजीवर गप्प बसले होते. त्यांत त्रिंबकतात्या होते, आप्पासाहेबांचे बालमित्र. फुलंब्रीच्या शाळेत एका बाकावर बसलेले. ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाले आणि बायको गेल्यावर पुढच्याच गल्लीत एक खोली घेऊन राहिले, ते केवळ मित्राजवळ राहता यावं म्हणून. रोज दुपारी ते इथं रमी खेळायला येत. उंच, काटकुळे, आणि आता तर नुसते हाडांचे राहिलेले. मी त्यांना व्हरांड्यात बोलावलं.

त्यांनी सरळ सांगितलं. डाव झाला, आप्पा हरला, शिव्या दिल्या. "मी म्हणालो, येतो. तो म्हणाला, ये, अन् पुन्हा तोंड दाखवू नको. हे आमचं रोजचंच. आप्पा हसत होता हो, पोरी." एवढं बोलून त्यांना रडू आवरेना. मी पाणी मागवलं. हेच तात्या दुपारी खंडेरावला पोलीस गाडीत बसवताना दारात उभे होते, तेव्हाही कुणीतरी त्यांना पाणी दिलं होतं. लोक म्हणत होते, म्हातारा मित्राच्या मागं लवकरच जाणार.

राहिली सून, संस्कृती. शाळेत शिकवते. तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलं आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "ताई, माझ्यामुळं झालं हे."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण या वेळी नुसतं ऐकलं.

तात्यांचं "येतो" म्हणजे एक प्रकरण होतं, ती म्हणाली. उठताना येतो, चप्पल घालताना येतो, फाटकाशी येतो, आणि तिथं उभं राहून अजून अर्धा तास गप्पा. रविवारी ती दमलेली होती, पाहुणे होते, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "काका, येतो येतो म्हणता, जाता कधी?" सासरे हसले. तात्याही हसले. पण सोमवारी ती शाळेतून आली तेव्हा तात्या फाटकातून बाहेर पडत होते. तिनं मुद्दाम गोड आवाजात विचारलं, निघालात का काका? तात्यांनी मान खाली घातली, दोन्ही हात जोडले आणि एक अक्षर न बोलता निघून गेले.

"तुमच्या घराला नमस्कार, असं म्हणाले ते मला, न बोलता," संस्कृती म्हणाली. "इतकी लाज वाटली! बैठकीत गेले तर बाबा विचारतील, तुझ्यामुळं रुसला का तो? म्हणून मी मागच्या दारानं माझ्या खोलीत गेले. बैठकीत डोकावले असते तर कदाचित..."

 मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पण डोक्यात काहीतरी खुपत होतं. तात्या म्हणाले, मी येतो म्हणालो. ही म्हणते, एक अक्षर बोलले नाहीत. आप्पासाहेबांना म्हणाले असतील आणि हिला नसतील, राग असेल. यात गुन्हा कुठं आहे?

४

मी निघाले. बैठकीच्या दाराशी आले, आतल्या बायकांकडं वळले, आणि सवयीनं "येते" तोंडात आलं. ते मी तसंच गिळलं.

मरण झालेल्या घरातून निघताना आपल्याकडं येतो म्हणत नाहीत. पुन्हा अशा कामाला यायला लागू नये म्हणून. हे कुणी शिकवत नाही. लहानपणी एकदा तोंडून निघतं, आई दंडाला चिमटा काढते, तेवढं आयुष्यभर पुरतं. तुम्ही कितीही शिका, नास्तिक व्हा, साहेब व्हा, त्या घरातून निघताना जीभ आपोआप मुकी होते. माझीही झाली.

माझ्यासोबत इतर लोकही उठले होते. एकेक जण दिव्याकडं बघून हात जोडायचा आणि मान खाली घालून, कुणाशी न बोलता बाहेर पडायचा. तात्या उठले. त्यांनी हात जोडले. संस्कृतीच्या समोरून गेले तेव्हा मान खालीच होती.

संस्कृती माझ्या कानाशी पुटपुटली, "बघा, त्या दिवशी अस्सेच गेले. अजून राग गेला नाही त्यांचा."

मी जागच्या जागी थांबले. तिचं बरोबर होतं. अगदी असेच गेले असणार. पण आज या घरात मयत झालेली आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सोमवारी त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. सरूबाई वर कुरडयांपाशी, संस्कृती फाटकात, खंडेराव गाडीत झोपलेला. जो माणूस तीन वेळा येतो म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, त्याची जीभ त्या दुपारी का बसली? रागावलेला माणूस फार तर "जातो" म्हणेल, तडातडा बोलेल. मान खाली घालून हात जोडून निघतो तो मयताच्या घरातून.

मी चपला हातात घेऊनच पळत सुटले.

५

तात्यांना मी गल्लीच्या वळणावर गाठलं. मी त्यांच्या बरोबरीनं चालायला लागले. पोलिसी आवाज काढायची इच्छाच झाली नाही.

"तात्या," मी म्हटलं, "तुम्ही निघालात तेव्हा आप्पासाहेब गेलेले होते ना?"

ते चालत राहिले. मी संस्कृतीनं काय पाहिलं ते सांगितलं. म्हटलं, हसणारा मित्र मागं असता तर तुम्ही सुनेची चेष्टा करून, येतो येतो म्हणत अर्धा तास फाटकात उभे राहिला असता. खोटं बोलायला तुम्हाला तीन दिवस मिळाले, पण त्या क्षणी मिळाले नाहीत. पायांनी आणि हातांनी जे रिवाज होता ते केलं.

तात्या एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसले. मग सगळं बाहेर आलं, एका दमात, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होते.

डाव हरायला लागला की आप्पासाहेब छातीला हात लावायचे. "मेलो रे त्रिंबक" म्हणायचे, डबी काढायचे, आणि त्या गडबडीत पानं उधळून टाकायचे. तात्या चिडायचे, आप्पासाहेब पोट धरून हसायचे. वर्षानुवर्षं हेच नाटक. सोमवारी तात्यांनी डाव सुरू व्हायच्या आधीच डबी काढून घेतली आणि कपाटावर ठेवून दिली. आज बघू कसा मरतो ते. आप्पासाहेब तेव्हाही हसले होते. मग पानं वाटली. मग तात्यांचा हात चांगला लागला.

"तो म्हणाला, मेलो रे त्रिंबक. रोज म्हणायचा तसाच म्हणाला, पोरी. सूरसुद्धा तोच. मी पानांतून वर बघितलं नाही. मी म्हणालो, मर की मग, आधी पान टाक."

पान पडलं नाही म्हणून तात्यांनी वर बघितलं, तोवर सगळं संपलं होतं. त्यांनी नाकाशी हात धरला, मनगट धरलं. डबीची आठवणच राहिली नाही. उठले आणि निघून आले, आणि खोलीवर पोचेपर्यंत आपण कुणाला काही सांगितलं नाही हेसुद्धा त्यांच्या ध्यानात आलं नाही. नंतर सरूबाईंची किंकाळी गल्लीत ऐकू आली. मग सांगायची वेळ निघून गेली असं त्यांना वाटलं. चार लोक काय म्हणतील, ऋतुराजला काय तोंड दाखवू.

मी विचारलं, आणि खंडेराव? तुमच्यासमोर त्याला गाडीत घातला.

तात्यांनी आधी आपल्या चपलांकडं बघितलं. मग म्हणाले, वाटलं, त्यानं काही केलं नाही तर तो सुटेलच आपोआप.

मी खरंच भडकले. माझ्याच ठाण्यात, माझ्याच समोर, एका सहीवर त्याचं आयुष्य अडकलं होतं, आणि ती सही घ्यायला मीच हवालदाराला बसवलं होतं. आपोआप काय सुटतं हो, तात्या? मी मोठ्यानं बोलले, तशा समोरच्या घरातल्या बायका बाहेर आल्या. तात्या उठले आणि स्वतःच म्हणाले, चला.

ठाण्याच्या पायरीवर सरूबाई तशाच बसलेल्या होत्या. दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, असं पहारेकरी म्हणाला. ऋतुराजला मी फोन करून बोलावून घेतलं, तोही येऊन उभा राहिला. मी सगळं थोडक्यात सांगितलं. ऋतुराज भिंतीला टेकला. तात्यांनी मला विचारलं, मला काय शिक्षा होईल? मी खरं तेच सांगितलं, की निष्काळजीपणाचं कलम लागेल, पण तुमचं वय बघता कोर्ट फार काही करेल असं वाटत नाही. त्यांचा चेहरा उजळला नाही, उलट पडला. "एवढंच?" ते म्हणाले.

मग ते सरूबाईंकडं वळले. उभ्या आयुष्यात त्यांनी या बाईला चहा मागण्यापलीकडं काही म्हटलं नसेल. हात जोडून म्हणाले, चुकून झालं गं सरू, माफ कर.

सरूबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. आवाज चढवला नाही त्यांनी, एखाद्याला रस्ता सांगावा तशा बोलल्या.

"साहेबाचं चुकून झालं, तात्या. ते मला पटतंय. तुमचा जीव होता त्याच्यावर, मी डोळ्यानं बघितलंय. पण माझ्या पोराला गाडीत घालत होते तवा तुमी दारात हुबे होता. मी तुमाला पाणी आणून दिलं. ते काय चुकून नाय झालं."

तात्यांचे हात तसेच जोडलेले राहिले. ऋतुराजनं मान फिरवली. मी आत जाऊन खंडेरावच्या जबाबाचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला, तो कसा घेतला गेला हे माझ्या नावानिशी सांगितलं, आणि मग कोठडीचं कुलूप काढायला गेले.